उपवासाच्या भाजणीची उधारी

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं मी जे काही लिहिलं ते बहुतेक डब्यांच्या झाकणांवर, खडूने. ‘गहू बारीक’, ‘ज्वारी’, ‘डाळ जाडसर’, आणि खाली गिऱ्हाइकाचं नाव. त्यामुळे माझं अक्षर झाकणाच्या मापाचं आहे. या वहीच्या एका पानावर माझ्या जेमतेम आठ ओळी बसतात. वेलांट्या मी हाताला येतील तशा देते. त्याने कुणाचं पीठ कमी-जास्त झालेलं नाही, पण वाचणाऱ्याला त्रास होईल, तो त्याने सोसावा.

ही वही कोमलने आणून दिली. जे केलंस ते पहिल्यापासून लिहून दे, मग पैशांचं बोलू, असं ती म्हणाली. म्हणाली म्हणजे हातांनी. ती जन्मापासून ऐकू शकत नाही. गिरणी कधी न बघितलेल्यालाही कळेल असं लिही, असंही तिने बजावलं आहे, कारण तिच्या ऑफिसातल्या मुली पिठाची पिशवी दुकानातून विकत आणतात आणि पीठ तिथेच तयार होतं असं त्यांना वाटतं. ही वही त्या मुलींना दाखवणार असशील तर मी लिहिणार नाही, असं मी म्हटलं. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिला एखादी गोष्ट ऐकायची नसली की ती एवढंच करते, आणि समोरच्याचं बोलणं संपतं.

आमची गिरणी कसबा पेठेत, एका बोळात, तळमजल्यावर. एक मोटर, एक पट्टा, दोन दगड, एक वजनकाटा आणि एक बाक. आमचे हे होते तोवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्यांचं. त्यांना बोलायला इतकं आवडायचं की दोघांच्या वाटचं तेच बोलून टाकायचे. ते गेले आणि गिरणी माझ्या अंगावर आली. काम मला सगळं येत होतं. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरखरीत करायचे, पट्टा सैल पडला तर घट्ट करायचा, यात काही अडचण नव्हती. समोर माणूस उभा राहिला की त्याला ‘या’ म्हणणं तेवढं येत नव्हतं. पहिले काही महिने मी गिऱ्हाईक बोळात दिसलं की मोटर चालू करायची, दळण असो नसो. मोटर चालू असली की कुणी कुणाशी बोलायला जात नाही. वीजबिल आल्यावर ती सवय मोडली.

बाहेरच्यांना वाटतं, गिरणीत काय, वरून धान्य ओतलं की खालून पीठ. खरं काम असतं ते क्रम लावायचं. गव्हावर गहू दळायचा, ज्वारीवर बाजरी चालते, डाळीनंतर लगेच तांदूळ चालत नाही, आणि धने-मेथ्या घातलेली थालीपिठाची भाजणी असेल तर ती दिवसाच्या शेवटी. कारण दगडांमध्ये आधीचं पीठ थोडंफार अडकून राहतंच. धान्य बदललं की पुढच्या डब्यातलं मूठभर आधी घालून ते अडकलेलं बाहेर काढायचं. जे बाहेर पडेल ते वेगळ्या पिंपात टाकायचं. त्या पिंपात दिवसाकाठी दीड-दोन किलो पीठ जमतं, त्यात गहू, ज्वारी, डाळ, धने, सगळं असतं. आम्ही त्याला मिसळीचं पीठ म्हणतो. ते विकायचं नाही, ज्याला गरज असेल त्याने न्यावं, हा ह्यांचा नियम. मी तो पुढे चालवला, कारण विकायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

उपवासाच्या दळणाचं आणखी निराळं. आमच्याकडे गुरुवारी वीज नसते, गिरणी बंद. त्या दिवशी दगड उघडून, झाडून-पुसून ठेवायचे, आणि शुक्रवारी सकाळी पहिलं दळण उपवासाचं. त्यात गव्हाचा कण जरी गेला तरी काय होतं ते पुढे येईलच.

राहिली घट. दळताना वजन थोडं कमी होतं. धान्यातला ओलावा उडतो, थोडं पीठ हवेत जातं, थोडं माझ्या केसांत. हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत असतं आणि एकालाही पटत नाही. आमचे जोगळेकर काका, सरकारी नोकरीतून निवृत्त, घरून स्वतःचा ताणकाटा घेऊन यायचे. पिशवी आकड्याला अडकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, आकडा बघायचा आणि म्हणायचं, ‘वहिनी, तुमच्या दगडाला भूक फार.’ दर आठवड्याला तेच वाक्य. मी दर आठवड्याला मान खाली घालायची.

त्यांच्याहून कडक सरपोतदार बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पीठ अंगठ्याने बोटावर चोळायच्या, मग नाकाशी न्यायच्या, मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायच्या. काही बोलल्या नाहीत तर पीठ चांगलं. फारच चांगलं असेल तर ‘जमलंय’ म्हणायच्या. हे ‘जमलंय’ कोमल येईपर्यंतच्या अकरा वर्षांत मी दोनदा ऐकलं होतं.

कोमल पहिल्यांदा आली तेव्हा आठ वर्षांची असेल. आई-वडील मराठवाड्यातून आलेले, नदीकाठच्या वस्तीत राहायचे. वडील मंडईत हातगाडी ओढायचे, आई भंगार निवडायची. आई मिसळीचं पीठ न्यायची. एकदा तिने मुलीला पुढे केलं. म्हणाली, “वैनी, ही माझी कोमल. हिला ऐकू बी येत नाय, बोलता बी येत नाय. उद्यापासनं पीठ न्यायला हीच येईल. तरास दिला तर द्या एक ठिवून.”

मी मान हलवली. कोमलनेही मान हलवली. नाव कोमल असलं तरी बघणं असं, की मीच नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली, पिशवीत पीठ घेतलं आणि गेली नाही. बाकावर बसली. मोटरच्या आवाजाचा काही त्रास न होणारी गिरणीत बसलेली ती पहिलीच व्यक्ती. पण पट्टा फिरत असताना लहान मूल जवळ असणं धोक्याचं. तिला ओरडून सांगायची सोय नव्हती आणि मला तरी कुठे ओरडता येत होतं. मी मूठभर पीठ घेऊन जमिनीवर रेघ ओढली आणि हाताने दाखवलं, ह्याच्या पुढे यायचं नाही. तिने रेघेकडे बघितलं. मग वाकून, बाकावर बसल्यावर तिचे पाय मोकळे राहतील इतकी ती रेघ पुढे सरकवून घेतली, आणि मग कबूल म्हणून मान डोलावली. त्यानंतर ती रेघ तिने कधीही ओलांडली नाही. पण हिच्याशी व्यवहार कसा करावा लागणार ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

गिरणीत खुणा सगळेच करतात. चिमूट दाखवली की बारीक, पंजा हलवला की जाडसर, मनगटावर बोट म्हणजे कधी मिळेल. पण आमच्याकडे माणसांना खुणा नव्हत्या, त्या कोमलने दिल्या. जोगळेकर काकांची खूण म्हणजे एक बोट आकड्यासारखं वाकवून वर धरायचं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसायचे. सरपोतदार बाईंची म्हणजे पीठ चोळायचं, मग स्वतःचं नाक धरून हातभर लांब ओढायचं आणि वरून बघायचं. माझी खूण तिने मला आठवडाभर दाखवली नाही. मग एकदा दाखवली. फ्रॉकचं टोक पदरासारखं डोळ्यांपर्यंत ओढलं आणि त्याच्या आडून हळूच बघितलं. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी हसले की हातातल्या सुपातलं धान्य सांडलं.

तेव्हापासून गिऱ्हाईक समोर असताना आमचं बोलणं चालायचं. काका येताना दिसले की ती बोट वाकवायची. मी गंभीर चेहऱ्याने दळण घालायची आणि आतून हसायची. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाबद्दल तरी मागे बोलत होते, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. मुलगी लग्न होऊन नगरला गेलेली. मैत्रीण अशी मला कधी नव्हती. मैत्रीण करायला आधी कुणीतरी बोलावं लागतं. इथे त्याची गरजच नव्हती. चार वाजून गेले आणि ती आली नाही की मी दारात जाऊन उभी राहायला लागले. दारात उभं राहिलं की जाणारा-येणारा बघतो, विचारतो, तरीही उभी राहायची. ही यायची बंद होईल, ही एकच भीती माझ्या मनात बसली. या वहीत पुढे माझ्या हातून जे वाईट झालेलं आहे ते त्या भीतीने झालेलं आहे.

त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या शुक्रवारी सरपोतदार बाईंनी उपवासाची भाजणी आणली. वरई, साबुदाणा, राजगिरा, जिरं, सगळं घरी भाजून, चार किलो. मी दगड पुसून ठेवलेलेच होते. सकाळी पहिलं दळण त्यांचंच घातलं. त्या दिवशी कोमल सकाळपासूनच बाकावर होती. दुपारी वजन केलं तर घट थोडी जास्त भरली. भाजलेलं धान्य तसं करतं. बाई काय म्हणतील या काळजीने मी दोनदा वजन केलं, तिसऱ्यांदाही केलं. कोमल बाकावरून माझा चेहरा बघत होती. मग मी आत पाणी प्यायला गेले.

संध्याकाळी बाई आल्या. डबा काट्यावर ठेवला, बघितला, पुन्हा बघितला. म्हणाल्या, “घट अजिबात नाही. जमलंय.”

हे तिसरं ‘जमलंय’. जगातल्या कुठल्याही गिरणीत घट अजिबात नाही असं होत नाही, हे मला माहीत होतं. पण कौतुक ऐकलं की माणसाची अक्कल थोडी बाजूला सरकते. त्या दिवशी कोमल जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. तेही मी बघितलं नाही.

पाचव्या माळेला सकाळी बाई डबा घेऊन दारात. मोटर चालू होती. त्यांनी बंद करा म्हणून हात केला. मी बंद केली. त्या दिवशी शाळांना सुट्टी होती की काय कोण जाणे, बोळात पोरं होती, तीही दाराशी येऊन उभी राहिली. कोमल त्याही दिवशी सकाळचीच आलेली होती.

“सुमनबाई,” त्या म्हणाल्या, “ह्यात धने कुठून आले?”

मी झाकण उघडून पीठ नाकाशी नेलं.

“एकतीस वर्षं माझं नवरात्र मोडलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही. चार दिवस थालीपिठं खाल्ली. रोज म्हणत होते, आज चव वेगळी लागतेय. आज गरम तव्यावर धन्याचा वास आला.”

माझा पदर आपोआप तोंडाशी गेला. मला खरंच काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढं म्हणायलाही तोंड उघडत नव्हतं. कोमल आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने डबा बघितला आणि तिला सगळं समजलं. ती उठली, आमच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि जे झालं ते करून दाखवायला लागली. आधी पीठ चोळलं, नाक हातभर लांब ओढलं आणि वरून बघितलं. मग पदर ओढून घाबरलेली मी. मग काट्याची सुई बोटाने दाखवली, सकाळी कुठे होती आणि दुपारी कुठे आली. मग मिसळीच्या पिंपाकडे बोट, स्वतःच्या छातीवर हात, आपल्या पिशवीतून एक मूठ, दोन मुठी, तीन मुठी डब्यात, सुई परत सकाळच्या जागेवर येईपर्यंत. मग पुन्हा लांब नाक, आणि खूश झालेला चेहरा.

बाई म्हणाल्या, “ही जी नाकवाली आहे, ती मी का?”

“हो,” मी म्हटलं. अकरा वर्षांत बाईंना माझ्याकडून मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर.

“इतकं लांब आहे?”

मी काट्याची सुई पुसायला घेतली. त्यांना उत्तर कळलं.

बाई बाकावर बसल्या. तुमची घट मला दिसू नये म्हणून हिने स्वतःच्या घरचं पीठ माझ्या डब्यात घातलं, असंच ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली. मुलगी कुठल्या शाळेत जाते, हे विचारलं. जात नाही, हे कळल्यावर त्यांचा चेहरा धन्याचा वास आला तेव्हापेक्षा वाईट झाला.

“सामानाचे माझे चारशे साठ झाले,” त्या म्हणाल्या. “ते मी सोडणार नाही. सोडले तर हिला वाटेल, हेतू चांगला असला की कशात काहीही मिसळावं.”

मी गल्ल्यातून पैसे काढून दिले. कोमलने ते जाताना बघितले आणि माझं मनगट धरलं. स्वतःच्या छातीवर हात मारला. मी देणार. मी नको म्हटलं. तिने पुन्हा हात मारला, या वेळी जोरात. मग बाईंनी माझ्या हातातला खडू घेतला आणि गिरणीच्या दाराच्या आतल्या बाजूला सरळ, सारख्या मापाच्या सेहेचाळीस रेघा मारल्या. एक रेघ दहा रुपयांची. दहा जमले की एक पुसायची. कोमलला हे एकदाच दाखवावं लागलं.

शाळेचंही बाईंनीच मनावर घेतलं. कर्णबधिर मुलांची एक शाळा त्यांना माहीत होती. कोमलच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, “शाळेत जाऊन काय ऐकणार हाय ती?”

“माझ्या वर्गात ऐकू येणारी साठ होती,” बाई म्हणाल्या. “एकही ऐकत नव्हता.”

आई तयार झाली, पण तिचा दिवस बुडणं शक्य नव्हतं, आणि बाईंचा गुडघा बसमध्ये चढण्यासारखा नव्हता. म्हणजे मी. रात्रभर मी शाळेत काय बोलायचं ते पाठ केलं. बसमध्येही पुटपुटत होते. कोमल माझ्या ओठांकडे बघून हसत होती. शाळेत पोचलो तर तिथे कुणीच बोलत नव्हतं. पटांगणात शंभर मुलं हातांनी भांडत होती, चिडवत होती, तक्रारी करत होती. इतक्या माणसांत मला पहिल्यांदा घाम फुटला नाही.

तिथल्या बाईंनी अर्ज भरायला घेतला. मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. मग त्यांनी विचारलं, तुमचं मुलीशी नातं काय लिहू? मी कोमलकडे बघितलं. कोमलने दगड फिरतो तसा हात फिरवला आणि डोळ्यांवर पदर ओढला. त्या बाईंनी थोडा विचार केला आणि त्या रकान्यात ‘गिरणी’ असं लिहिलं. मी ते वाचलं. चौथीचा तेवढा उपयोग झाला.

आता खरं लिहायचं तर, त्या खुर्चीवर बसलेली असताना मला मनातून वाटत होतं की त्यांनी ‘यंदा जागा नाही’ म्हणावं. त्या म्हणाल्या नाहीत.

कोमल शाळेत जायला लागली. सकाळी पुलापाशी शाळेची गाडी यायची ती संध्याकाळी सोडायची. चार वाजता गिरणीतला बाक रिकामा असायचा. जोगळेकर काका त्यावर ताणकाटा ठेवायला लागले. पण रविवारी ती यायची. खाऊचे मिळालेले दोन-पाच रुपये मुठीत घेऊन यायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. पहिल्यांदा मी तिची मूठ मिटून परत दिली. ती दोन रविवार आलीच नाही. सरपोतदार बाई मला म्हणाल्या, “घ्या पैसे. फेडू दिलं नाहीत तर ती तुमच्यापुढे मान वर करणार नाही, आणि मग बोळ बदलून जाईल.”

मी घ्यायला लागले. ते पैसे मी गल्ल्यात टाकले नाहीत. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवत गेले.

दहा वर्षांची असताना तिला कानाचं यंत्र मिळालं. रविवारी ती ते लावून मिरवत आली. मी सवयीने मोटर चालू केली. ती जागच्या जागी उडाली, दोन्ही हात कानांवर, तोंड उघडं. मग यंत्राचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी तिला दोन वर्षं फसवलं. हे तू रोज ऐकतेस, तिने विचारलं. मी हो म्हटलं. आणि लोक मला बिचारी म्हणतात, असं ती म्हणाली.

शाळेत ती खऱ्या खुणा शिकली आणि आमच्या गिरणीतल्या खुणांना गावठी म्हणायला लागली. मला नव्या शिकवल्या. लिहायलाही तिनेच पुन्हा शिकवलं. खुणांनी सांगता आलं नाही की आम्ही चिठ्ठ्या लिहायचो, कॅलेंडरच्या पानांच्या मागे. ती माझ्या चिठ्ठ्या लाल पेनाने तपासून परत द्यायची. एकदा डब्यांची झाकणंही तपासली. जोगळेकर काकांच्या झाकणावर वेलांटी सुधारलेली बघून काका म्हणाले, ‘वहिनी, व्याकरण सुधारलं. आता घटीकडे बघा.’

ती चौदाची झाली तेव्हा दारावर चार रेघा राहिल्या होत्या. शाळेत तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या. रविवारी कधी यायची, कधी नाही. आली तरी खिडकीशी फोन बघत बसायची. मी हिशोब केला. चार रेघा म्हणजे फार तर दोन-तीन महिने. मग हिला इथे यायचं कारण काय?

एका गुरुवारी वीज नव्हती. मी दगड पुसत होते, दार आतून लोटलेलं होतं. खडू हातात होता. मी एक रेघ काढली. एकच. कुणी बघितलं नाही. पुढच्या रविवारी कोमल आली, दाराकडे बघितलं, दहा रुपये दिले आणि एक रेघ पुसली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी आणखी दोन काढल्या.

चोरी कशाला म्हणतात ते गिरणीवालीला चांगलं माहीत असतं. कुणाच्या डब्यातली चिमूटही मी कधी बाजूला काढली नाही. काकांच्या ताणकाट्यासमोर मान खाली घातली ती संकोचाने, लाजेने नाही. आणि एका मुलीच्या खाऊच्या पैशांवर मी सहा वर्षं रेघा वाढवत होते. कधी तीन राहायच्या, कधी पाच. शून्य होऊ दिल्या नाहीत.

ती कॉलेजात गेली, संगणक शिकली. माझे कान मोटरने जवळजवळ गेले. डॉक्टरांनी मलाही यंत्र लावायला सांगितलं तेव्हा कोमल बाकावर आडवी होऊन हसली. म्हणाली, आता बरोबरी झाली. यंत्र कुठल्या कप्प्यात ठेवायचं, पावसात काय करायचं, सगळं तिने शिकवलं. काका आता काय बोलतात ते मला अर्धंच कळतं. त्यांना ते माहीत नाही. ते अजून भुकेचं वाक्य म्हणतात.

या वर्षी कोमलला एका ऑफिसात संगणकावर नोंदी तपासायचं काम मिळालं. पहिल्या पगाराच्या रविवारी ती आली, मोटर बंद केली आणि पर्समधून एक जुनी, पिठाने पांढरी झालेली छोटी वही काढली. शाळेत जायला लागली तेव्हापासूनची. प्रत्येक रविवार, प्रत्येक दोन रुपये त्यात होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: देणं चारशे साठ. दिले एक हजार दहा.

मी पदर शोधत होते. तिने मला दारापाशी नेलं. दारावर तीन रेघा होत्या. तिने बोट लावून दाखवलं. गिरणीत सगळ्यावर पीठ बसतं. जुन्या रेघेवर ते बसून बसून ती पिवळट होते. ह्या तिन्ही पांढऱ्याशुभ्र. गिरणीवाली असून तुला हे सुचू नये, असं ती म्हणाली. मापही चुकलं होतं. बाईंच्या रेघा सरळ होत्या, माझ्या झाकणावरच्या अक्षरासारख्या तिरक्या.

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. पहिल्या रेघेपासून, ती म्हणाली.

“मग देत का राहिलीस?”

“तू काढत का राहिलीस?”

मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. तिने तो खाली केला आणि ती म्हणाली, लिहून दे. पुढच्या रविवारी ही वही आणून दिली.

इथपर्यंत लिहायला मला पाच आठवडे लागले. पुढचं आज रविवारी संध्याकाळी लिहिते आहे.

दुपारी बारा वाजता कोमलने वही बाकावर बसून पूर्ण वाचली. लाल पेन काढलं होतं, पण एका पानानंतर टोपण लावून टाकलं. वाचताना दोनदा हसली. ‘जागा नाही म्हणावं’ तिथे हसली नाही. सरपोतदार बाई आल्या होत्या. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, डबा दुसरं कुणी उचलतं, पण वास त्याच घेतात. काय चाललंय ते त्यांना मी पहिल्यांदा तोंडाने, सगळं, सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सेहेचाळीसच्या पुढे मोजता येत नव्हतं का, असं विचारलं, आणि म्हणाल्या, “हिचे पैसे परत मिळतील. माझं नवरात्र कोण परत देणार?”

कोमलने ओलं फडकं घेतलं आणि दार पुसलं. तीन रेघा, आणि त्यांच्या खाली राहिलेल्या जुन्या पिवळ्या खुणाही. दार इतकं स्वच्छ मी कधी बघितलेलं नाही. मग तिने हात पुढे केला.

मी बिस्किटाचा डबा आणला. आधी पाचशे मोजून दिले. तिने हात मागे घेतला नाही. वरचे पन्नास, तिने दाखवलं. मी दोन-दोन रुपयांची नाणी एकेक करून तिच्या हातावर ठेवायला लागले. मुद्दाम सावकाश ठेवत होते. बाई मोजत होत्या. शेवटचं नाणं माझ्या मुठीत राहिलं आणि मूठ उघडेना. दाराकडे बघितलं तर ते कोरं.

कोमलने माझी बोटं एकेक करून उघडली, नाणं घेतलं, एक बोट आकड्यासारखं वाकवून सगळे पैसे त्याला अडकवल्यासारखे केले, चष्मा कपाळावर चढवल्यासारखं करून आकडा बघितला आणि मान डोलावली. घट नव्हती. साडेपाचशे रुपये पुरते फिटले. मग तिने पर्सची चेन लावली, बाकावर एका कडेला सरकली आणि मला बसायला जागा केली.